खालच्या तळ्याचं खाद्य

९ जानेवारी

धाकट्या,

तुझी दोन पोती पोचली. वर 'प्रिय' वगैरे काही लावत नाही. तीन वर्षांनी लिहितेय, तेवढं पुरे समज. आणि फोन करायचा नाही, हे आधीच ठरू दे. फोनवर तू समजावतोस, मी ओरडते, मग दोघांपैकी एक जण फोन आपटतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्याच हातात असतो. कागदावर ओरडलं तर तुला निदान कानापासून लांब धरता येईल.

पोत्यांबरोबर बारा पानं छापून पाठवलीस. बारा! मी सातवी नापास, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? निकाल बघायला गेले तेव्हा तू माझ्या कडेवर होतास आणि माझी वेणी ओढत होतास. शेवटी तुझ्या भाऊजींनी दोन संध्याकाळी बसून ती पानं वाचली आणि मला चार वाक्यांत सांगितलं. पाव फुगवायला यीस्ट घालतात, त्याची साल काढून ही पावडर केलीय. खाद्याला जरासं तेल लावून किलोमागे दोन ग्रॅम चोळायची आणि सावलीत वाळवायचं. ती खाऊन माशाच्या अंगात रोगाशी भांडायची ताकद येते. पण हे औषध नव्हे, रोग आल्यावर देऊन उपयोग नाही, आधीपासून द्यावी लागते. झालं. एवढं लिहायला तुझा हात दुखत होता का?

आता ते नाणेफेकीचं. तू म्हणे तिकडे प्रयोगशाळेत बसून नाणं उडवलंस आणि ठरवलंस की वरच्या तळ्याला पावडर आणि खालच्याला साधं खाद्य. दोन्हीकडे दोन-दोन हजार बोटुकली, बोटाएवढी पिल्लं नुसती, तेवढंच खाद्य, तेवढंच पाणी, फरक फक्त पावडरीचा. शिकलेली माणसं नाणं उडवून ठरवायला लागली तर आम्ही अडाणी काय वाईट होतो? खालचं तळं स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. तिथले मासे माझी चप्पल वाजली की काठाला येतात. वरच्या तळ्यातले पंपाशेजारी, ते कुणालाच ओळखत नाहीत. आणि खाऊ त्यांना!

मी नाहीच म्हणणार होते. तुझे भाऊजी म्हणाले, "तुझ्याकडे तो जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागतोय. दे." मी म्हटलं, "त्याने मागितलं नाही, पोती पाठवलीत." ते म्हणाले, "तुमच्या घरात मागायची रीत तीच आहे."

तर करते. औषधाला मी आता शिवत नाही, कारण तुला माहीत आहे. पण मासे मरायला लागले तर हातात काय, हा प्रश्न मला रोज पडतो.

ताई

६ फेब्रुवारी

धाकट्या,

सतरा प्रश्न. मी मोजले. पोलीससुद्धा एवढे विचारत नाहीत.

पावडर कोरड्या जागी आहे का? आहे. तेल किती लावता? तू सांगितलंस तेवढं. मासे खातात का? खातात. नाक मुरडतात का? माशाला नाक मुरडता येत असेल तर तू शोध लाव. वाळवायला ऊन नको, सावली हवी, ते लक्षात आहे का? आहे, पडवीत ताडपत्री पसरतो. मी मिसळते आणि भोंगा फावड्याने ढवळतो. भोंगा म्हणजे आमचा नवा गडी. चांगला पन्नाशीचा आहे. त्याला हळू बोलता येत नाही. तो बांधावरून "खाद्य झालं!" म्हणाला की पलीकडच्या तळ्यावरचा शेजारीसुद्धा "बरं!" म्हणतो.

प्रश्न अकरावा: वरच्या आणि खालच्या तळ्याचं खाद्य वेगळं ठेवता ना? दोन्ही तळ्यांना वेळेवर खाद्य मिळतं. पुढचा प्रश्न.

पावडर किती उरली? तुझ्या हिशेबाने जितकी उरायला हवी बरोबर तितकी.

तुझ्या प्रयोगशाळेतली चष्मेवाली पोरगी येऊन गेली. हुशार आहे, पण फार हळू. तीस मासे जाळ्यात धरले, एकेकाला तराजूत घातलं, वहीत लिहिलं आणि परत सोडलं. मी म्हटलं, "बाई, हाताने उचललं तरी वजन कळतं." ती म्हणाली, "काकू, तुमचा हात मला प्रयोगशाळेत नेता येत नाही." उत्तर आवडलं. मग ती खाद्याचे ड्रम बघायला निघाली होती, पण मी तिला चहाला बसवलं आणि तिची गाडी आली. पुढच्या वेळी बघेल.

तू जाड झालायस म्हणाली. चालत जा.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

घाईत लिहितेय. रोग आलाय.

आधी आपल्याकडे नाही, शेजारच्या रडक्याकडे. रडका तुला आठवतो ना, मासे चांगले वाढले तरी "आता विकायची कटकट" म्हणून रडणारा? यंदा त्याला खरंच रडायचं कारण मिळालं. पाणी एकदम तापलं आणि चार दिवसांत माशांच्या अंगावर लाल चट्टे, पोटं फुगलेली, डोळे बाहेर. कडेला नुसते तरंगतायत. निम्मे तरी गेले. सकाळी तो बांधावर बसला होता. मी त्याच्याजवळ चहाचा पेला ठेवला आणि परत आले. अशा वेळी बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

पाणी एकाच कालव्याचं, त्यामुळे आपल्याकडे येणारच होता आणि आला. पण गंमत बघ. रोज दोन, तीन, एखाद्या दिवशी पाच. मग थांबला. वरच्या तळ्यात आजपर्यंत एक्केचाळीस गेले, खालच्यात अडतीस. बाकीचे खातायत, उड्या मारतायत.

मेलेल्या माशांतले दहा-बारा चष्मेवाली बर्फात घालून घेऊन गेली. रोग तोच आहे, पक्का, असं म्हणाली. आकडे तिने लिहून घेतलेत, मी वेगळे पाठवत नाही.

तुझे भाऊजी "आता त्याला लिही" म्हणतायत. लिहिलं की.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. वरचं आणि खालचं सारखंच, म्हणजे पावडरीने काही फरक पडत नाही, असं तू लिहितोस. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत चालली, पण खऱ्या तळ्यात पहिल्यांदाच घातली आणि फुकट गेली. महिनाअखेरीला मोठे साहेब बैठक घेणार आणि पावडरीचं काम बंद करणार. आठ वर्षांचं काम. तुला दुसऱ्या कामाला लावतील.

मी काय बोलणार. बारा पानांच्या पावडरीत काही दम नाही असं मला आधीपासून वाटत होतंच. मासा नशिबाने जगतो आणि पाण्याने मरतो.

दुसरं काम काही वाईट नसतं. माणसाने एकाच गोष्टीला चिकटून बसू नये.

इथे सगळं ठीक. उकाडा आहे, जेवण जात नाही.

ताई

११ एप्रिल

धाकट्या,

परवाचं पत्र फाडून टाक.

ते पेटीत टाकून परत आले तर तुझे भाऊजी ओट्याशी उभे. मला म्हणाले, "लिहिलंस का त्याला?"

"काय लिहायचं?"

"ताडपत्री."

"लिहिलं, उकाडा आहे म्हणून."

त्यांनी पेपरची घडी घातली, कोट घातला आणि बाहेर गेले. एवढ्या उकाड्यात कोट. बत्तीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. काल दिवसभर आमच्याकडे फक्त भोंगा बोलत होता.

तर ऐक. ताडपत्री एक आहे. एकच होती, पहिल्या दिवसापासून. दोन्ही तळ्यांचं खाद्य मी एकाच ढिगात ओतलं, तू एका तळ्यासाठी दिलेली पावडर त्यावर टाकली आणि भोंग्याने ढवळलं. मग अर्धं वर, अर्धं खाली. दोन्ही तळ्यांनी रोज पावडर खाल्ली, निम्मी-निम्मी. म्हणून दोन्ही सारखी. म्हणून पोत्यात पावडर बरोबर तुझ्या हिशेबाइतकी उरली आणि तुला संशय आला नाही. अकराव्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

का केलं ते विचारशील. आधी वाटलं, दोनदा कोण ढवळणार. हे खोटं नाही, कंबर दुखते माझी. पण तेवढंच असतं तर मी दुसऱ्या दिवशी ताडपत्री आणली असती. खरं हे, की पहिल्या दिवशी मी साध्या खाद्याची बादली घेऊन खालच्या तळ्यावर गेले आणि ते सगळे नेहमीसारखे तोंड वर करून आले, आणि माझा हात उठेना. एका पंगतीत एकाला तूप आणि एकाला कोरडं, असं मी जन्मात वाढलं नाही. तुला आणि मला आईने एक अंडं दोऱ्याने कापून दिलंय. पावडर चांगली असेल तर दोघांना द्यायची, वाईट असेल तर कुणालाच नाही. मधलं काय ते मला कळत नाही. बादली घेऊन परत आले आणि सगळं एकत्र ओतलं.

त्यात कुणाचं काही बिघडेल असं वाटलं नव्हतं. जास्तीत जास्त तुझी एक वही चुकेल. आठ वर्षं त्या वहीवर टांगली आहेत, हे बारा पानांत कुठे लिहिलं होतंस? लिहिलं असशीलही. भाऊजींनी चारच वाक्यं सांगितली.

आणि परवा मला हे सगळं माहीत असताना मी तुला लिहिलं, की पावडरीत दम नाही. ते चूक म्हणून नाही लिहिलं, खोटं म्हणून लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी माझी भरलेली गाडी तू फाटकातून परत फिरवलीस. मी व्यापाऱ्याला औषध दिलं नाही म्हणून सांगितलं होतं आणि तू माझ्यासमोर त्याला म्हणालास, "आठ दिवसांपूर्वी दिलंय, हे मासे लोकांनी खाऊ नयेत." माझा पाठचा भाऊ! मी तेव्हा तुला जे बोलले ते परत घेत नाही, कारण बोललेलं परत घेता येत नाही. पण तू खरं बोललास हे मला फाटकातच माहीत होतं. राग त्याचाच होता.

बैठकीच्या आधी हे पोचायला हवं म्हणून स्वतः जाऊन टाकते. साहेबांना जे सांगायचं ते सांग. बहीण मूर्ख आहे म्हणालास तरी चालेल, खोटं होणार नाही.

ताई

४ मे

धाकट्या,

घरचं पत्र चारचौघांत वाचून दाखवतात का? चष्मेवालीने सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांनी स्वतः मोठ्याने वाचलं म्हणे आणि अंड्याच्या दोऱ्यापाशी अख्खी बैठक हसली. मी तुझ्यासाठी लिहिलं होतं, नाटक कंपनीसाठी नाही.

बरं, काम बंद झालं नाही. अजून एक संधी दिली. हे तू पत्राच्या सहाव्या ओळीत लिहिलंस, पहिल्या पाच ओळी मला नुसतं झुलवत ठेवलंस.

आता मुद्दा. मला वाटलं होतं पावडर चालली हे तरी नक्की झालं. रडक्याचे निम्मे मेले आणि आपले चाळीस-चाळीस, अजून काय हवं? तू म्हणतोस नाही, त्याची बोटुकली वेगळी, त्याचं खाद्य वेगळं, गर्दी वेगळी. निम्मी पावडर किती काम करते तेही माहीत नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही. तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे, फक्त भिंत बारा पानं पाठवत नाही.

पण खरं झोंबलं ते पुढचं. "ताई, या वेळी दुसरीकडे करू. तुला ते जमणार नाही." मला! मी तुला न्हाऊमाखू घातलं, या दोन तळ्यांचा गाळ स्वतः उपसलाय, आणि मला दोन बादल्या वेगळ्या ठेवायला जमणार नाही?

तू रागाने लिहिलं नाहीस, ते कळतं. रागाने लिहिलं असतंस तर इतकं लागलं नसतं.

इथेच होईल. जुने मासे विकून तळी रिकामी केली, नवी बोटुकली सांगितली आहेत, दोन-दोन हजार. दुसरी ताडपत्री आणली. नाणं मात्र चष्मेवालीने माझ्यासमोर उडवायचं. त्यातही परत खालच्या तळ्यालाच साधं आलं तर तेच धरेन.

ताई

३ ऑगस्ट

धाकट्या,

चष्मेवालीने नाणं उडवलं आणि खालच्या तळ्यालाच साधं आलं. तुझं नाणं माझ्यावर डूख धरून आहे.

दोन ताडपत्र्या, दोन फावडी. वरची बादली लाल, खालची निळी. साधं खाद्य आधी ढवळायचं आणि पावडरीचं नंतर, हात धुऊन, म्हणजे कण लागून जायला नको. तेल दोन्हींना, नाहीतर तू म्हणशील तेलाने फरक पडला. बघ, शिकले. पावडरीचं पोतं लोखंडी कपाटात आहे आणि किल्ली भाऊजींकडे. मीच दिली. भाऊजी रोज सकाळी दोन ग्रॅमच्या हिशेबाने मोजून काढतात आणि कपाट लावतात, बँकेच्या मॅनेजरसारखं तोंड करून. भोंगा त्यांना "साहेब, सही?" विचारतो. अख्ख्या कालव्याला ऐकू जातं.

चष्मेवालीने या वेळी चहा घेतला नाही, आधी ड्रम बघितले. माझ्यासमोर वास घेतला. झाकणं मीच उघडून दिली.

खालचे मासे नवे आहेत, तरी महिन्याभरात चप्पल ओळखायला लागले. मी आता त्यांना खाद्य टाकायला भोंग्याला पाठवते.

ताई

१७ ऑक्टोबर

धाकट्या,

परवापासून रोग आहे. पाणी एकदम गार झालं, या वेळी उलटं. तेच लाल चट्टे, चष्मेवालीने बघितल्याबरोबर सांगितलं. पहिल्या दिवशी वर चार, खाली एकोणीस. काल वर सहा, खाली सत्त्याऐंशी. आज सकाळी वर नऊ आणि खाली एकशे बारा, आणि अजून मोजायचं संपलेलं नाही, मध्येच उठून हे लिहायला आले.

म्हणजे तुझी पावडर चालते. घे. आठ वर्षं वाया गेली नाहीत. हे तुला मी सांगावं असं वाटलं होतं आणि आता सांगताना धड आनंदसुद्धा होत नाही, इतका या प्रकाराने वैताग आणलाय.

चष्मेवालीबरोबर तू निरोप धाडलास, "ताईला बघवत नसेल तर थांबवू." थांबवून काय करू? रोग आल्यावर देऊन उपयोग नाही हे तूच म्हणतोस. द्यायची ती चार महिन्यांपूर्वी, आणि तेव्हा मी दिली नाही. रोज सकाळी निळी बादली साधी जाऊ दिली. या वेळी कंबर दुखत नव्हती, विसरले नव्हते, काही नाही. समजून उमजून.

काल भाऊजींनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणाले, "तुला वाटत असेल तर टाक. मी त्याला सांगणार नाही." या माणसाला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं आणि तेही माझ्यासाठी. मी किल्ली त्यांच्या खिशात परत घातली. मग ते बाहेर गेले, या वेळी कोट न घालता.

रडका आज कुंपणापाशी आला होता. विचारत होता, त्या पावडरीचं पोतं त्याला कुठे मिळेल. मी म्हटलं, महिना थांब, माझा भाऊ सगळं लिहून देईल, थोडं लांब लिहितो पण खरं लिहितो. तो म्हणाला, "तुमच्या खालच्या तळ्याचं ऐकलं, वाईट झालं." मी म्हटलं, "झालं नाही, केलं."

मोजायचं असं आहे, की भोंगा जाळीने एकेक मासा उचलतो आणि मी वहीत रेघ मारते. तो आकडा बोलत नाही आता. काल दुपारपासून इतका हळू बोलतोय की मला "काय?" म्हणून विचारावं लागतं. जे अजून जगलेत ते मी काठाशी गेले की येतात, तिरके पोहत. तोंड वर करतात.

रेघा चुकायला लागल्यात. दोनदा परत मोजायला लावलं भोंग्याला. तू म्हणशील आकडा बरोबर हवा. हवाच, आता चुकला तर या सगळ्यांनी कशासाठी जीव दिला?

तू ये. मोजायला. चष्मेवालीला पाठवू नकोस, ती चांगली आहे, पण ती माझ्या कडेवर बसलेली नाही. सुट्टी मिळत नसेल तर आजारी आहे म्हणून सांग. खोटं बोलवत नसेल तर खरं सांग, की बहिणीच्याने एकटीने होत नाही.

पहाटेची गाडी धर. वाटेत काही खाऊन घे, इथे आल्यावर आधी तळ्यावरच जावं लागेल.

ताई